साडेपाच फुटात मालधक्का: घरी शंटिंगचं रेल्वे मॉडेल बांधायचं कसं

मॉडेल रेल्वे म्हणलं की लोकांना गोल रूळ अन् त्यावर गरगर फिरणारी गाडीच आठवती, अन् चार दिवसात त्याचा कंटाळा येतो कारण गाडी निस्ती फिरती, काम काहीच करत नाही. शंटिंगचं, म्हणजे इंजिनानं एकेक वॅगन काढायचं-लावायचं मॉडेल म्हणजे उलटं प्रकरण. यात गाडी कुठंच जात नाही, पण प्रत्येक हालचालीला कारण असतंय: ही वॅगन डाळ मिलच्या दारात लावायची, तिच्या आधी ती दुसरी काढायची, अन् इंजिनाला मागं सरायला जागा कमी. एक इंजिन, आठ वॅगनी, तीन रूळ अन् दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवायची जागा) एवढ्यात संध्याकाळ जाते. अन् जागा म्हणाल तर दिवाणाच्या मागच्या भिंतीला एक फळी बसली म्हणजे झालं.

आधी एक गोष्ट सरळ सांगतो. आजच्या भारतीय रेल्वेत एकेक वॅगन काढून लावायचं काम जवळपास संपलंय, मालगाडी म्हणजे अख्खा रेक, एकाच मालाचा. जालन्याला नाहीतर परभणीला मालधक्क्यावर खताचा रेक लागला की ट्रकांची रांग लागती, हमाल लोकं पोती उतरवून घेत्यात, अन् रिकामा झाला की रेक आला तसा निघून जातो. मग मॉडेलवर शंटिंग करायचं कशाच्या जोरावर? दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता म्हणजे जुना काळ धरायचा. १९९२ ला प्रोजेक्ट युनिगेज, म्हणजे सगळे रूळ ब्रॉडगेज करायची योजना, सुरू व्हायच्या आधी आपल्याकडं मनमाडपासून पुढं मीटरगेज होतं, मुंबईकडून आलेला माल मनमाडला ब्रॉडगेजच्या डब्यातून काढून मीटरगेजच्या डब्यात भरायला लागायचा, अन् एखाददुसरी वॅगन कुठल्याही छोट्या स्टेशनला सोडलेली दिसायची. किंवा लातूरवाले असाल तर तुमची बार्शी लाईट रेल्वे आहेच, १८९७ ला सुरू झालेली अन् १९११ ला लातूरला पोचलेली, अडीच फुटी नॅरोगेज. हिचा एक फायदा बघा, एचओ म्हणजे १:८७ च्या मापात अडीच फूट गेज ८.८ मिमी भरतंय अन् एन स्केल म्हणजे एचओपेक्षा लहान माप, त्याचा तयार रूळ ९ मिमीचा असतोय, म्हणजे एन स्केलचं खालचं यंत्र घ्यायचं अन् वर एचओच्या मापाची बॉडी स्वतः बनवायची. मीटरगेजला मात्र १२ मिमीचा रूळ लागतो, तो महाग अन् दुर्मिळ, नव्या माणसानं त्या नादी लागू नये.

दुसरा रस्ता म्हणजे आजच्या काळातली खाजगी साईडिंग, म्हणजे कारखान्यात जाणारा बाजूचा रूळ. ५८ बॉक्सएन (वरून उघड्या) वॅगनींचा रेक एचओतसुद्धा सात मीटरच्या वर जातो, तो कुणाच्याच घरात मावत नाही, अन् खरं बघितलं तर कित्येक कारखान्यांच्या आतल्या रुळांवरही तो एकदम मावत नाही, तुकडे करून आत घ्यायला लागतो. हीच आपली सबब. मनातलं एक स्टेशन धरा, जालना-परभणीच्या मधलं कुठलंतरी, तिथं एक मालधक्का, एक रोलिंग मिल अन् एक डाळ मिल, अन् रेकमधल्या आठच वॅगनी आपल्या वाट्याला आल्यात असं समजा. मी नव्या माणसाला हाच रस्ता सांगतो, कारण सामान मिळतं अन् सगळं ओळखीचं असतं.

आता माप. बहुतेक लोकं आधी फळी कापत्यात अन् मग त्यावर रूळ कसे बसवायचे ते बघत बसत्यात. उलटं करायचं. आधी वॅगन ठरवायची, मग रूळ मोजायचा, फळी सगळ्यात शेवटी. खरी बॉक्सएन कपलरसकट (वॅगनी एकमेकींना जोडणारा आकडा धरून) १०.७ मीटर लांब, एचओत ती १२३ मिमी होते, मधली फट धरून १२५ धरा. बंदिस्त बीसीएनए घेतली तर ती १४.४५ मीटर, म्हणजे १६६ मिमी. फरक थोडा वाटतो पण पाच वॅगनींच्या रुळावर तो २० सेंटिमीटरच्या वर जातो, म्हणून छोट्या जागेत बॉक्सएन नाहीतर पाण्याचे-तेलाचे टँकर बीटीपीएन घ्या, टँकर १४३ मिमी भरतो. लातूरला २०१६ ला मिरजेहून पाणी घेऊन जलदूत आली होती ती याच टाकीच्या वॅगनींची, एप्रिलमधल्या पहिल्या खेपेला दहा वॅगनी अन् पाच लाख लिटर पाणी. मॉडेलवर दोन टँकर ठेवले तर आपल्याकडचं कुणीबी बघून लगेच ओळखतं.

रुळांच्या आखणीसाठी नवीन काही शोधू नका. इंग्लंडच्या अ‍ॅलन राइट यांची इंगलनुक नावाची आखणी आहे, तीन रूळ, एकावर पाच वॅगनी मावायच्या, बाकी दोघांवर तीन-तीन, अन् शंटिंग नेकवर (इंजिनानं वॅगनी घेऊन मागं सरायचा रूळ) इंजिन अधिक तीन वॅगनी. एवढंच. आठ वॅगनींतल्या कुठल्याबी पाच ठरलेल्या क्रमानं लावायच्या म्हणलं तर ६,७२० वेगवेगळ्या मांडण्या होतात, त्यामुळं तोच डाव परत आला अशी तक्रार करायला वेळच मिळणार नाही. दुसरी एक प्रसिद्ध आखणी आहे, अमेरिकेच्या जॉन अ‍ॅलन यांचा १९७२ चा टाइमसेव्हर, त्यात पाच सांधे अन् दोन्ही बाजूंना तोंड असलेल्या साईडिंग्ज. पाहुण्यांसमोर घड्याळ लावून खेळायला झकास, पण रोज खेळायला डोक्याला ताप, अन् दिसायलाही ते खऱ्या यार्डासारखं कमी अन् कोडं जास्त वाटतं. माझं मत विचाराल तर इंगलनुकच.

हिशोब असा. डब्ल्यूडीएम-२ च्या मापाचं इंजिन १९७ मिमी, त्याला तीन बॉक्सएन म्हणजे ३७५, असा शंटिंग नेक ५८० मिमी. सांधे पीको कंपनीचे मीडियम रेडियस (मध्यम वळणाचे) घेतले तर एक सांधा २१९ मिमीचा, दुसरा छोट्या रुळांकडं जातो अन् लांब रुळाच्या शेजारीच मावतो, म्हणून तो वेगळा धरायचा नाही. पुढं रूळ एकमेकांपासून नीट लांब जाईपर्यंत १०० मिमी सोडा, मग पाच वॅगनींचे ६२५. बेरीज १,५२४, दोन्ही टोकांच्या बफरचे (रूळ संपतो तिथला अडसर) ६० धरून १,५८४. म्हणजे साडेपाच फुटाची फळी बास होते. आता गंमत बघा, साडेपाच फूट म्हणजे १,६७६ मिमी, म्हणजे आपलं अख्खं मॉडेल खऱ्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांच्या मध्ये आडवं बसतंय! रुंदी एक फूट ते सव्वा फूट.

राहिलेले नऊ सेंटिमीटर शंटिंग नेकला देऊ नका. नेक लांबत जाऊन तिथं चौथी वॅगन मावली की सगळा खेळच सोपा होऊन जातो अन् मग मजा राहत नाही. उरलेली जागा धक्क्याच्या बाजूला द्या.

गेजबद्दल कुणीतरी विचारणारच म्हणून सांगून टाकतो. एचओचा रूळ १६.५ मिमी, तो खरं तर स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १:८७ मध्ये १९.३ मिमी यायला पाहिजे. पावणेतीन मिमीची तडजोड आहे, बाजूनं बघताना कळत नाही, समोरून कळते. तयार रूळ, तयार सांधे, तयार चाकं सगळं १६.५ चं मिळत असताना स्वतः सांधे बनवत बसायचं असेल तर बसा, पण पहिल्या मॉडेलला नको.

फळीसाठी १२ मिमीचा चांगला प्लाय घ्या अन् खाली एक बाय दोनच्या पट्ट्यांची चौकट. लाकूड आपल्याकडं उन्हाळ्यात कडकडीत वाळतं अन् पावसाळ्यात फुगतं, म्हणून प्लायच्या दोन्ही बाजूंना अन् कडांना रंगाचा एक हात मारायचाच, खालच्या बाजूला कोण बघतंय म्हणून सोडायचा नाही, एकाच बाजूला रंग असला की फळी वाकते. वर ३ मिमीची कॉर्क शीट फेविकॉलनं चिकटवा. थर्माकोलवर थेट रूळ टाकू नका, तो दबतो अन् सांध्यापाशी खड्डा पडला की वॅगन उतरलीच म्हणून समजा.

रूळ टाकताना आधी सगळं निस्तं टाचण्यांवर उभं करायचं, चिकटवायचं काहीच नाही. मे महिन्यात बंद खोलीत ४२ डिग्री अन् जानेवारीत पहाटे १० डिग्री एवढा फरक आपल्याकडं सहज पडतो, एक मीटर रूळ त्यात अर्धा मिमी वाढतो-घटतो. म्हणून थंडीत रूळ टाकत असाल तर जोडावर अर्ध्या मिमीची फट सोडा, भर उन्हाळ्यात टाकत असाल तर टेकवून चालतंय. फट मोजायला जाड व्हिजिटिंग कार्ड मध्ये घाला अन् नंतर काढा. जोडावर सोल्डर करून रूळ घट्ट करायचा मोह होतो, तो टाळा, त्यापेक्षा प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर द्या.

सांध्यावर जरा थांबायचं, कारण सगळं मॉडेल या दोन सांध्यांवर उभं असतंय. सांध्याच्या मधोमध जिथं दोन रूळ एकमेकांना कापतात तो फ्रॉग दोन प्रकारचा मिळतो, प्लास्टिकचा अन् करंट असलेला धातूचा. शंटिंगला धातूचाच घ्या. गोल फिरणारी गाडी जोरात असते म्हणून प्लास्टिकवरून निघून जाते, आपलं इंजिन गोगलगायीच्या चालीनं जाणार, प्लास्टिकवर आलं की तिथंच बंद पडणार अन् मग बोटानं ढकलायचं. धातूच्या फ्रॉगच्या पुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर घालायचे, नाहीतर शॉर्ट होतो, अन् सांधा ज्या बाजूला वळेल त्या बाजूचा करंट फ्रॉगला मिळायला पाहिजे.

सांधा बदलायचं अन् फ्रॉगला करंट द्यायचं, हे दोन्ही काम एका साध्या स्वस्तातल्या स्लाइड स्विचनं होतं. स्विच फळीच्या पुढच्या कडेला बसवा, त्याच्या दांडीला आडवं छिद्र पाडा, त्यातून सायकलचा स्पोक घाला अन् तो फळीखालून नाहीतर कॉर्कमध्ये चर पाडून सांध्याच्या हलत्या पट्टीपर्यंत न्या. स्पोकला मधे झेडसारखी एक घडी द्या म्हणजे स्विच जास्त सरकला तरी ती घडी दाब पिऊन घेते अन् पट्टी तुटत नाही. स्विचच्या मधल्या पायाला फ्रॉगची वायर, कडेच्या दोन पायांना दोन रुळांच्या वायरी. सरकवलं की सांधा बी बदलतो अन् करंट बी. महागडी मोटर लावून बटणावर सांधा बदलायची हौस असेल तर करा, पण साडेपाच फुटात हात सगळीकडं पोचतो अन् हातानं सांधा ओढण्यात सांधेवाल्याचं काम केल्याचं समाधान आहे.

करंटचं म्हणाल तर एकच इंजिन असेल तर साधं १२ व्होल्ट डीसी अन् एक चांगला पीडब्ल्यूएम (करंट झटक्याझटक्यानं देऊन वेग सांभाळणारा) कंट्रोलर पुरतो. इंजिनाची मोटर कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) असेल तर कमी फ्रिक्वेन्सीचा पीडब्ल्यूएम नको, ती तापते. आवाज, लाईट, दोन इंजिनं पाहिजे असतील तर डीसीसी, म्हणजे प्रत्येक इंजिनाला रुळातूनच वेगळा हुकूम देणारी डिजिटल पद्धत, घ्या. आपल्याकडं लाईटचा काही भरवसा नाही, त्यामुळं यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी जवळ ठेवलेली बरी, इंजिन अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, लोडशेडिंगचा अख्खा वेळ आरामात निघतो. फक्त बॅटरी अन् कंट्रोलरच्या मधे एक अँपिअरचा फ्यूज पाहिजेच, रुळावर स्क्रूड्रायव्हर पडला तर बॅटरी मागंपुढं बघत नाही.

इंजिन कुठलं घ्यायचं यावर लोकं तासनतास भांडत्यात. डब्ल्यूडीएम-२ मूळचं अमेरिकेच्या आल्को कंपनीचं डिझाइन, १९६२ पासून आपल्याकडं, त्यामुळं तयार भारतीय मॉडेल नाही मिळालं तर आल्कोच्या अमेरिकन डिझेलचं खालचं यंत्र घेऊन वरची बॉडी बनवता येते. रंगापेक्षा, आकारापेक्षा एकच गोष्ट बघा: किती हळू चालतंय. खऱ्या शंटिंगला ताशी १५ किलोमीटरची मर्यादा. एचओत त्याचा हिशोब केला तर इंजिनाला एक फूट जायला साडेसहा सेकंद लागले पाहिजेत, अन् तो जास्तीत जास्त वेग झाला, वॅगनला टेकताना त्याच्या चौथाईनं. दुकानात असो नाहीतर मित्राकडं, फूटपट्टी ठेवून मोबाईलवर सेकंद मोजा. जे इंजिन फुटाला वीस सेकंद घेऊनही न अडखळता चालतं ते घ्या, मग ते दिसायला कसंबी असू द्या.

वॅगनीचं सांगायचं तर बॉक्सएन म्हणजे सरळ भिंतीचा उघडा डबा, स्टायरीन प्लास्टिकच्या १ मिमी शीटमधून घरी बनतो. उभ्या पट्ट्या मोजून चिकटवायचं काम किचकट आहे, पण एक बनली की तिचाच साचा धरून बाकीच्या होतात. खाली अमेरिकन तीन तुकड्यांच्या बोगी (चाकं बसवलेली खालची चौकट) चालून जातात, आपल्या कॅसनब बोगी त्याच घराण्यातल्या दिसतात, चाकात थोडा फरक आहे, आपलं १ मीटरचं अन् त्यांचं ३६ इंची, म्हणजे मॉडेलवर एक मिमी.

कपलर मात्र केडी कंपनीचेच लावा. आपल्या मालगाड्यांना सेंटर बफर कपलर असतात, मुठीसारखे एकमेकांत अडकणारे, अन् केडीचे दिसायलाही तसेच. आठही वॅगनींची उंची एकसारखी पाहिजे, रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंत ९.९ मिमी. केडीचं त्यासाठी मापाचं साधन मिळतं ते घेऊन टाका. सोडवायला रुळामधे चुंबक पुरतात, पण कुठं सुटंल अन् कुठं नाही याचा नेम नसतो, त्यापेक्षा बांबूची काडी, टोक चाकूनं चपटं केलेली, दोन कपलरच्या मधे वरून घालून जरा पिळायची. सुटलं.

वजन. हलकी वॅगन ढकलताना उतरते. अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेची शिफारस आहे, एचओसाठी २८ ग्रॅम अन् वर लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम. बॉक्सएन पावणेपाच इंचाची, म्हणजे साधारण ९५ ग्रॅम. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगला चिकटवायच्या पाच-पाच ग्रॅमच्या पट्ट्या असतात, त्या मागून आणा, आतल्या तळाला चिकटवा अन् वर कोळशाचा चुरा पसरा, दिसतसुद्धा नाहीत. किचनमधल्या काट्यावर तोलायचं, अंदाजपंचे नाही. आठही सारख्या वजनाच्या झाल्या पाहिजेत.

आता इथं थांबायचं. खडी नाही, इमारती नाहीत, उघड्या प्लायवर महिनाभर निस्तं खेळायचं. लोकांना घाई असते सगळं हिरवंगार करायची, पण रूळ एकदा खडीत चिकटला की दुरुस्ती म्हणजे खोदकाम. ओढताना सगळ्या वॅगनी शहाण्या वाटत्यात, ढकलताना खरं कळतं, म्हणून तीन वॅगनी इंजिनापुढं लावून दोन्ही सांध्यांवरून पुढं-मागं, पुढं-मागं ढकलत बसा. जिथं उतरते तिथं पेन्सिलीनं खूण करा. एकच वॅगन सगळीकडं उतरत असेल तर दोष वॅगनमधे, चाकांमधलं अंतर बघा, कपलर आवळलाय का बघा. सगळ्या वॅगनी एकाच जागी उतरत असतील तर दोष रुळात. दोन सांधे उलट्या दिशेला लागोपाठ असतील तर गाडीला एस आकाराचं वळण बसतं अन् लांब वॅगनींचे कपलर एकमेकांना बाजूला ओढतात, तिथं मधे एका वॅगनएवढा सरळ तुकडा घालायला लागतो.

याच महिन्यात फाउलिंग मार्क, म्हणजे शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासू नये म्हणून वॅगन कुठवर उभी करायची ती खूण, बी ठरवून घ्या. एका रुळावर वॅगन उभी करा, शेजारच्या रुळावरून दुसरी हातानं ढकला, जिथं दोघी घासणार नाहीत त्याच्या एक सेंटिमीटर आत दोन रुळांच्या मधे पांढरा ठोकळा लावा, खऱ्या यार्डात असतो तसाच. त्या ठोकळ्याच्या आत पाच वॅगनी मावल्या तरच तो पाचचा रूळ.

खेळ असा सुरू करायचा: पाच वॅगनी लांब रुळावर, तीन एका छोट्यावर, तिसरा रिकामा. आठ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एका वॅगनचा नंबर, त्यातल्या पाच उचलायच्या अन् त्या क्रमानं लांब रुळावर रेक उभा करायचा. हे हाताला बसलं की मग नियम वाढवायचे, अन् खरी चव इथंच आहे. डाळ मिलला दोन दारं द्या, एक बारदाना उतरवायचं, एक डाळ भरायचं, म्हणजे निस्ती मिलच्या रुळावर वॅगन नेऊन चालत नाही, ठरलेल्या दारासमोरच लागली पाहिजे. रोलिंग मिलला भंगार क्रेनखालीच. अन् फासा टाकून एक वॅगन अशी ठरवा की तिच्यात हमाल आहेत, माल अर्धा उतरलाय. ती वाटेत असेल तर काढता येते पण डाव संपायच्या आत होती त्याच जागी परत लावायची. या एका नियमानं दहा मिनिटाचा डाव अर्ध्या तासावर जातो. पार्टीचा मुकादम धक्क्यावर उभा राहून घड्याळाकडं का बघतो ते बी कळायला पाहिजे असेल तर डॅमरेज लावा, दोन डावांच्या वर जी वॅगन दारात राहिली तिचा दंड, चिंचोके मोजून.

अन् कपलर लागला की लगेच निघायचं नाही. खाली माणूस वाकून हवेचा पाइप जोडतोय असं समजून मनात दहा आकडे मोजा, मगच रेग्युलेटरला हात. हे फुकट आहे अन् मॉडेल खऱ्यासारखं वाटायला खडी-झाडांपेक्षा याचाच जास्त उपयोग होतो.

सगळं विनातक्रार चाललं की मग सजावट. खडीसाठी अन् जमिनीसाठी आपल्याच शेतातली माती आणा, काळी, पण आधी कढईत चांगली गरम करा म्हणजे किडे-अंडी मरतात (जुनी कढई घ्या, घरात विचारून), मग चहाच्या गाळणीनं चाळा, अन् शेवटी पिशवीत गुंडाळलेलं जोरदार चुंबक तिच्यातून दोन-तीनदा फिरवा. आपली माती काळ्या दगडाची, बेसाल्टची, तिच्यात लोहकण भरपूर, चुंबकाला काळी मिशी फुटते. ते कण राहिले तर इंजिनाच्या मोटरमधे जाऊन बसतात. माती पसरली की पाण्यात दोन थेंब भांड्याचा साबण घालून फवारा, मग फेविकॉल अन् पाणी निम्मंनिम्मं करून ड्रॉपरनं सोडा. सांध्याच्या हलत्या पट्टीजवळ एक इंच अजिबात नाही.

इमारतींची जागा फार नाही, म्हणून मागच्या भिंतीला चिकटून अर्ध्याच इमारती करायच्या, दोन इंच खोलीच्या, सनबोर्डमधून. आपल्याकडच्या मिला म्हणजे पत्राच पत्रा. पत्र्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून ५ मिमीचा पूर्ण आटे असलेला रॉड आणा, जुन्या माउसपॅडवर जाड अ‍ॅल्युमिनियम फॉईल ठेवा अन् तिच्यावरून रॉड दाबून लाटण्यासारखा फिरवा. आट्यांमधलं अंतर ०.८ मिमी, १:८७ मध्ये ते ७० मिमी होतं, खऱ्या नळीच्या पत्र्याची नळी ७६ मिमीची, म्हणजे डोळ्याला फरक कळतच नाही. आठ-दहा फुटाच्या मापानं तुकडे कापून एकावर एक चढवत लावा, मधेच एखादा गंजका, एखादा नवा कोरा. गंजाला पाणी घातलेला तपकिरी रंग अन् वर वाळली माती बोटानं.

बाभळीसाठी शेपू नाहीतर बडीशेपेची वाळलेली छत्री कापून आणा, वरून सपाट पसरलेली असते, तिच्यावर हेअरस्प्रे मारून बारीक केलेला हिरवा फोम भुरभुरवा. जास्त हिरवं करू नका. आपलं स्टेशन वर्षातले आठ महिने पिवळं-तपकिरीच असतं, अन् परळीच्या बाजूचं काही बनवत असाल तर सगळ्यावर थर्मलच्या राखेचा करडा हात.

वर्षभरानं मॉडेल नीट बघा अन् काय काढता येईल ते शोधा. लोकं सुधारणा म्हणजे भर घालणं समजत्यात, चौथा रूळ, तिसरा सांधा, सिग्नल. बहुतेक वेळा ज्या इमारतीपुढं काडी घालायला हात अडतो ती मागं सरकवली, जो खांब वॅगनला घासतो तो उपटला, कधीच न वापरलेलं दार बंद करून टाकलं की खेळ सुधारतो. भर घालायचीच असेल तर शंटिंग नेकच्या टोकाला बफर सुटा ठेवा, तिथं एक फुटाचा सुटा रूळ फळीच्या तुकड्यावर बसवून जोडता येतो, त्यावरून भरलेली वॅगन आत येईल अन् रिकामी बाहेर जाईल, अन् खेळताना तो तुकडा काढून ठेवला की नेक परत तेवढाच.

देखभाल म्हणजे आपल्याकडं एकच शत्रू, धूळ. खेळायच्या आधी सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रुळाचा माथा पुसा, इंजिनाची चाकं बी, मग रुळाच्या आतल्या कडेला ६बी पेन्सिल अगदी हलकी एकदा फिरवा, जास्त नाही, नाहीतर चाकं घसरतात. सॅंडपेपर कधीच नाही, त्याच्या ओरखड्यात घाण साचून बसते. खेळ झाला की जुनी सुती साडी दुहेरी करून वर टाकायची, प्लास्टिक नको, त्याखाली पावसाळ्यात दमट होतं, अन् साडी सांध्याच्या पट्टीत अडकू नये म्हणून दोन्ही टोकांना इमारतींपेक्षा उंच अशी एकेक फळी उभी करून त्यावरून ताणायची.